बोर्ड कोणत्या पक्षाचा, त्याआधी सही कोणाची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण पट्ट्यातल्या सुटे भाग बनवणाऱ्या तुमच्या कारखान्यात २४० कायम आणि चारशेच्या आसपास कंत्राटी कामगार आहेत. युनियन करायची हे ठरले आहे. एक गट म्हणतो, सत्ताधारी पक्षाच्या कामगार संघटनेचा बोर्ड गेटवर लावावा, कारण मंत्र्याचा एक फोन गेला की व्यवस्थापन वाकते. दुसरा गट म्हणतो, पक्षांना पैसा कंपन्यांकडूनच मिळतो, तेव्हा पक्षाची युनियन शेवटी कंपनीच्याच पदरात पडणार. यांपैकी खरे कोणाचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी अठ्ठावीस वर्षे पुण्यात कामगार संघटनांच्या बाजूने औद्योगिक न्यायालयात आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात काम करतो आहे. पक्षाशी संलग्न संघटनांची कामे मी केली आहेत आणि स्वतंत्र संघटनांचीही. माझ्या अनुभवात दोन्ही गटांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, पण प्रश्न चुकीच्या जागी मांडला गेला आहे. सरकार तुमच्यासाठी नेमके काय करू शकते, ते कोणत्या टप्प्यावर करू शकते, आणि त्या टप्प्यावर तुमच्या वतीने बोलण्याचा व सही करण्याचा अधिकार कोणाच्या हातात असेल, हा खरा प्रश्न आहे. पक्ष कोणता, हे त्यानंतर येते.

आधी त्या फोनबद्दल. फोनला वजन का होते, हे समजून घेतले पाहिजे, कारण ते वजन आता पूर्वीइतके राहिलेले नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मागणीपत्रावर समेट झाला नाही, तर समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी, आपला अहवाल सरकारला पाठवत असे आणि तो वाद न्यायाधिकरणाकडे सोपवायचा की नाही हे सरकार ठरवत असे. वाद सोपवलाच गेला नाही, तर मागणी कितीही रास्त असली तरी तिची सुनावणीच होत नसे. म्हणून मंत्रालयात ज्याची ऊठबस आहे, त्या पुढाऱ्याची संघटना कामगारांना उपयोगी वाटत असे आणि अनेकदा ती खरोखर उपयोगी पडतही असे. दुसरी जागा होती कारखाना बंद करण्याच्या किंवा कामगार कपातीच्या परवानगीची. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला त्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागे आणि त्या अर्जाच्या वेळी युनियनच्या शब्दाला किंमत येत असे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि या दोन्ही जागांचे स्वरूप बदलले. समेट फसला तर आता कोणताही पक्षकार ठरलेल्या मुदतीत थेट न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो, मध्ये सरकारच्या मर्जीची गरज उरलेली नाही. हे कामगारांच्या दृष्टीने चांगले झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याच संहितेने कारखाना बंद करणे, कपात आणि ले-ऑफ (कामगारांना तात्पुरते कामावरून बसवून ठेवणे) यांच्या परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेली. तुमच्याकडे २४० कायम कामगार आहेत. कंत्राटी कामगार या मोजणीत धरायचे की नाहीत यावर वाद होऊ शकतो आणि तो तुमच्या कागदपत्रांवर अवलंबून राहील, परंतु केवळ कायम कामगारांचा आकडा धरला तर तुमच्या कंपनीला परवानगी मागावीच लागणार नाही. जी परवानगी मागायचीच नाही, ती अडवण्यासाठी मंत्र्याने फोन करून काय होणार?

फोन अगदी निरुपयोगी झाला आहे, असे मात्र मी म्हणत नाही. गेटवर बसलेल्या कामगारांना पोलीस कसे वागवतात, आयुक्त कार्यालयात पुढची तारीख आठवड्याने मिळते की दोन महिन्यांनी, निरीक्षक कारखान्यात फिरकतो की नाही, या गोष्टी आजही फोनावर हलतात आणि निलंबित होऊन घरी बसलेल्या माणसासाठी त्या लहान नसतात. पण यातून सवलत मिळते, हक्क मिळत नाही. शिवाय फोन दोन्ही बाजूंनी करता येतो, हे पहिल्या गटाने ध्यानात घेतले पाहिजे.

आता दुसऱ्या गटाच्या म्हणण्याकडे येतो. कंपन्यांनी पक्षांना पैसा देण्याचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईतच घडला. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमावलीत बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्यामुळे न्यायालयाने परवानगी दिली, पण हा धोका वाढत गेला तर तो लोकशाहीचा गळा आवळू शकेल, अशा आशयाचा इशारा निकालात दिला आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. त्यानंतर १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये मर्यादा घालून त्या पुन्हा सुरू झाल्या, २०१३ च्या कंपनी कायद्याने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा ठरवली आणि २०१७ मध्ये ती मर्यादाच काढून टाकली गेली. सोबत निवडणूक रोखे आले, ज्यांत कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रोखे घटनाबाह्य ठरवले आणि मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली.

यातला एक भेद मी प्रत्येक गेटसभेत सांगतो, कारण तो कामगारांना सहसा कोणी सांगत नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यापासून असा नियम आहे की युनियनला राजकारणासाठी पैसा खर्च करायचा असेल, तर तो सर्वसाधारण निधीतून करता येत नाही. त्यासाठी वेगळा निधी ठेवावा लागतो, त्यातली वर्गणी ऐच्छिक असते आणि ती न देणाऱ्या सभासदाला कोणत्याही लाभापासून दूर ठेवता येत नाही. कंपनीच्या बाबतीत संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ज्याचे भाग त्या कंपनीत आहेत, त्या सामान्य भागधारकाला ‘माझ्या वाट्याचे पैसे अमुक पक्षाला देऊ नका’ असे म्हणण्याची सोय नाही. म्हणजे तुमच्या महिन्याच्या वर्गणीवर कायद्याने जेवढा पहारा ठेवला आहे, तेवढा कंपन्यांच्या कोट्यवधी रुपयांवर ठेवलेला नाही. ही विषमता मला अन्यायाची वाटते.

तरीही, पक्षाला मिळालेल्या देणगीमुळे एखाद्या कारखान्यातला करार फसला, असे मी माझ्या कामात प्रत्यक्ष पाहिलेले नाही. धोरणावर भांडवलाचा प्रभाव पडतो तो मुख्यतः ‘गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाईल’ या वाक्याने, आणि या वाक्यापुढे कोणत्याही पक्षाचे सरकार नरमते, कारण रोजगार गेल्याचा दोष कोणालाच आपल्या माथी नको असतो. कारखान्याच्या पातळीवर प्रभाव पडतो तो त्याहूनही साध्या मार्गाने, म्हणजे ठेक्यांच्या मार्गाने. भंगार उचलण्याचा ठेका, कॅन्टीन, कामगारांच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, बांधकामाचे साहित्य आणि सर्वांत मोठा म्हणजे कंत्राटी मजूर पुरवण्याचा ठेका, हे सगळे स्थानिक राजकारणातल्या माणसांच्या हातात असते, हे तुमच्या पट्ट्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

एक प्रसंग सांगतो. कंपनीचे, पक्षाचे आणि माणसाचे नाव मी देणार नाही. सोळा कामगार निलंबित होते आणि मागणीपत्रावर नवव्यांदा बैठक होती. आयुक्त कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर ते सोळा जण सकाळी दहापासून बसून होते. प्रत्येकाच्या मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी होती. एकाने निलंबनाची नोटीस इतक्या वेळा उघडून वाचली होती की घडीवर कागद फाटून त्याला चिकटपट्टी लावलेली होती. संघटनेचे अध्यक्ष पक्षाचे वजनदार पुढारी होते. ते दुपारी तीनला आले, व्यवस्थापनाच्या माणसांबरोबर वीस मिनिटे आत बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, “झालं, करार झाला.” पगारवाढ ठरलेल्या मागणीच्या निम्म्याहून कमी होती आणि सोळांपैकी सात जणांनाच परत घेणार होते. मी मसुदा वाचायला मागितला, तेव्हा सही होऊन गेली होती, कारण संघटनेच्या घटनेत, म्हणजे तिच्या नियमावलीत, सहीचा अधिकार एकट्या अध्यक्षांना होता. पुढच्या महिन्यात त्या कारखान्याच्या कॅन्टीनचा ठेका त्यांच्या जवळच्या नातेवाइकाला मिळाला. उरलेल्या नऊ जणांच्या केस मी लढवल्या. त्यांतला शेवटचा निकाल सहा वर्षांनी लागला.

त्या दिवसाचा विचार मी अनेकदा केला आहे. पुढारी पक्षाचा होता हे नुकसानीचे कारण नव्हते. ज्या कंपनीशी तो बोलणी करत होता, तिच्याकडूनच त्याला काही हवे होते आणि त्याला अडवण्याचे कोणतेही साधन सभासदांनी स्वतःच्या हातात ठेवले नव्हते, हे नुकसानीचे कारण होते. म्हणून बाहेरचा नेता आणण्यापूर्वी त्याचा पक्ष विचारण्याच्या आधी हे विचारा की या कारखान्यात किंवा याच्या पुरवठादारांकडे तुमचा, तुमच्या घरच्यांचा किंवा तुमच्या कार्यकर्त्यांचा कोणता ठेका आहे. उत्तर सर्वांसमोर घ्या आणि ते इतिवृत्तात लिहून ठेवा.

सत्ताधारी पक्षाची संघटना असली की सरकार ऐकते, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. भारतीय मजदूर संघ १९५५ मध्ये दत्तोपंत ठेंगडी यांनी स्थापन केला आणि तो आज केंद्रात सत्तेवर असलेल्या पक्षाच्याच विचारपरिवारातला आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये औद्योगिक संबंध संहिता मंजूर झाली, तेव्हा तिच्यातल्या महत्त्वाच्या तरतुदींना मजदूर संघानेही जाहीर विरोध केला होता आणि तीनशेची मर्यादा तरीही कायम राहिली. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी भारतीय श्रम परिषद २०१५ च्या जुलैत भरली होती आणि संहिता मंजूर होईपर्यंत ती पुन्हा भरवलीच गेली नाही. जवळीक असूनही संघटनेचे म्हणणे बाजूला राहू शकते, याचा याहून ठळक दाखला मला देता येणार नाही. हे एकाच पक्षापुरते नाही, याचा दाखला मुंबईच्या गिरण्यांत आहे.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन असे सूत्र ठरवले आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत ते स्थान काँग्रेसशी जोडलेल्या इंटक या कामगार महासंघाच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेले. १९८१ च्या बोनसच्या वेळी कामगारांचा या संघावरचा विश्वास उडाला, ते कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर उतरले. त्यांच्या मागण्यांत हा कायदा रद्द करण्याचीही मागणी होती, हे आज फार जणांच्या लक्षात नाही. पगाराइतकाच तो ‘आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्ही ठरवू’ या हक्काचा संप होता. केंद्रात आणि राज्यात काँग्रेसचीच सरकारे होती. कायद्याने मान्य केलेली युनियन दुसरी असताना सामंतांशी बोलणी करायची नाहीत, ही भूमिका सुटली नाही. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला आणि हजारो घरे त्याबरोबर मोडली. सामंत १९८४ मध्ये काँग्रेसच्या लाटेतही लोकसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले, पण तो कायदा त्यांना हलवता आला नाही.

या संपाकडून मी दोन गोष्टी शिकलो आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशांना ओढतात. जिचे स्थान सरकारच्या आधारावर टिकते, ती संघटना सभासदांचे ऐकणे हळूहळू सोडून देते. आणि ज्या नेत्यामागे लाखो कामगार आहेत, पण विधिमंडळात कायदा बदलण्याइतकी संख्या नाही, तो नेता एका मर्यादेपलीकडे त्यांना काही मिळवून देऊ शकत नाही. म्हणून राजकारण अजिबात नको, असे म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांशीही मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. कामगारांसाठीचा प्रत्येक कायदा शेवटी विधिमंडळात किंवा संसदेतच झाला आहे.

माथाडींचे उदाहरण पाहा. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बाजारांतले आणि गोद्यांतले ओझी वाहणारे कामगार संघटित झाले आणि त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. ज्याला कायमचा मालक नाही, अशा माणसासाठी मंडळ झाले. त्यात मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी आले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराचा पगार व भविष्य निर्वाह निधी सांभाळायचा, अशी रचना झाली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने कोणत्याही पक्षाशी संलग्न न होता याच कायद्याचा आधार घेऊन हमालांचे जीवन बदलले. आज तुमच्याच पट्ट्यात माथाडी या नावाखाली खंडणी गोळा करणारी माणसे फिरतात आणि त्यामुळे पाठीवर पोते वाहणाऱ्या खऱ्या माथाडीचे नाव खराब होते, याचे मला अतिशय वाईट वाटते. पण त्या कायद्याची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. सरकारवरचा प्रभाव एखाद्याच्या मेहेरबानीत न राहता कायद्यात, मंडळात आणि लेव्हीच्या हिशेबात उतरला, म्हणून सरकारे बदलली तरी तो टिकला.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर असे: मंत्र्याच्या फोनामागचा कायदेशीर आधार तुमच्या आकाराच्या कारखान्यात बराच कमी झाला आहे, कंपनीचा प्रभाव तुमच्यापर्यंत पोहोचेल तो ठेक्यांतून, आणि पक्षाशी नाते असणे वा नसणे यापेक्षा ते नाते तुमच्या ताब्यात आहे का, हे पाहावे लागेल.

तुमच्या कारखान्यात आणखी एक धोका मला दिसतो. नव्या संहितेप्रमाणे एकाहून अधिक युनियन असतील, तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी करणारी युनियन ठरते. तसा पाठिंबा कोणालाच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बनते. २४० मधले ५१ टक्के म्हणजे १२३ माणसे. आज तुमच्या दोन गटांनी दोन पक्षांचे किंवा एक पक्षाचा आणि एक स्वतंत्र असे दोन बोर्ड गेटवर लावले, तर ११० आणि ९० अशी विभागणी व्हायला वेळ लागणार नाही, आणि मग परिषदेत तुमचेच प्रतिनिधी एकमेकांशी भांडत बसतील. म्हणून बोर्डाचा निर्णय बहुमताने नव्हे, तर शक्य तितक्या एकमताने घ्या, मग तो कोणताही असो. माझा कल विचाराल, तर तुमच्या परिस्थितीत स्वतंत्र नोंदणी करून सल्लागार म्हणून अनुभवी माणूस घ्यावा आणि पक्षांशी प्रश्नापुरते बोलावे, असे मी सुचवेन. पण आसपासच्या कारखान्यांत एखादी संलग्न संघटना खरोखर चांगले करार करत असेल, तिचे हिशेब उघडे असतील आणि संकटात तिचे हजार माणसांचे बळ तुमच्या गेटवर उभे राहणार असेल, तर माझा हा सल्ला बाजूला ठेवायला हरकत नाही. एकट्या कारखान्याची स्वतंत्र युनियन दीर्घ टाळेबंदीत एकटी पडते, हेही मी पाहिले आहे.

दोन्ही मार्गांत घटना मात्र नीट लिहून घ्या. ऐनवेळी छापील नमुना आणून रिकाम्या जागा भरू नका. मागणीपत्र आणि करार यांवर बाहेरच्या अध्यक्षाबरोबर कारखान्यातल्या किमान तीन पदाधिकाऱ्यांची सही लागेल आणि मसुदा सर्वसाधारण सभेत वाचून मंजूर झाल्याशिवाय कोणीही सही करणार नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत हवे. बाहेरचे पदाधिकारी एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांत जे कमी असेल त्याहून जास्त असू शकत नाहीत आणि मंत्री पदाधिकारी होऊ शकत नाही, हे कायद्यातच आहे. पण मंत्र्याचा भाऊ होऊ शकतो, म्हणून ठेक्यांविषयीची अट तुम्ही स्वतः घाला. बँकखाते कारखान्यातल्या दोघांच्या सहीने चालू द्या. पक्षाच्या सभेला गाड्या, हार आणि फलक यांचा खर्च करायचा झाला, तर त्यासाठी वेगळा ऐच्छिक निधी ठेवा आणि न देणाऱ्याचे नाव कोणत्याही यादीवर लावू नका.

आणि चारशे कंत्राटी कामगारांना बाहेर ठेवून हे सगळे करू नका. त्यांना पुरवणारा ठेकेदार कोणत्या पुढाऱ्याचा माणूस आहे, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त चांगले ठाऊक आहे. पहिल्या सभेला त्यांच्यातले चौघे-पाच जण बोलवा, त्यांना मागच्या रांगेत न बसवता समोर बसवा आणि घटनेचा मसुदा त्यांच्यासमोरच वाचा.